तिसरी मेणबत्ती

"तिसऱ्या मेणबत्तीला कुठलंही नाव दे तांत, काहीही चालेल, नुसती संख्या भरायची आहे," असं म्हणून रऊफनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. नेफ्तिस अळकुड्या सोलत बसली होती. हात थांबला. तसं बघितलं तर रऊफ काही वाईट बोलला नव्हता. त्याला मुलगी झाली होती, चार दिवसांची होती ती, आणि सातव्या दिवशी तिचं नाव ठेवायचं होतं. तीन नावांच्या तीन मेणबत्त्या एकदम पेटवायच्या, जी शेवटपर्यंत तेवेल तिचं नाव पोरीला, ही घरोघरची रीत. मेणबत्त्या आणायच्या बापाच्या आईनं. बापाची आई, म्हणजे नेफ्तिसची थोरली बहीण इसिस, गेल्या हिवाळ्यात वारली, म्हणून हा मान नेफ्तिसकडे आला होता. आला म्हणजे काय, घरंगळत आला. इसिसच्या ताटातलं उरलंसुरलं तिच्या पानात पडायचं, तसाच. पहिली मेणबत्ती अर्थातच इसिसची. दुसरी दमियानाची, सूनबाईच्या माहेरच्यांना ते नाव हवं होतं. आणि तिसरी, संख्या भरायला. अळकुडीच्या चिकानं बोटं खाजायला लागली होती. तिनं ती परकराला पुसली, मग मीठ चोळलं, मग नळाखाली धरली. खाज काही जाईना.

संख्या भरायला. आता ह्या शब्दांचं एवढं काय लागावं? पण लागले, आणि अशा ठिकाणी लागले की जिथं आधीपासून दुखत होतं. नेफ्तिस स्वतःशीच बोलायची, अलीकडे जरा जास्तच. "बरोबर आहे बाई," ती म्हणाली, "सगळा जन्म संख्याच भरली की मी." शुब्रा वस्तीतल्या झाडून सगळ्या पोक्त बायकांना तांत म्हणतात, मावशी म्हणावं तसं, पण त्यातही प्रकार असतात. समोरची तांत मार्सेल. वरच्या मजल्यावरची तांत एलेन. रऊफच्या सासूबाई तांत ओडेट. ही नुसती तांत. जणू नावाचा डबा उघडून बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. इसिस तर तांतसुद्धा नव्हती. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे सगळ्या गल्लीची आबला इसिस, थोरली ताई. ट्रामचा कंडक्टर तिच्यासाठी ट्राम थांबवून ठेवायचा. "आबला इसिस येतायत, दोन मिनिटं!" आणि मागून पिशव्या घेऊन धापा टाकत येणारी नेफ्तिस फुटबोर्डावर पाय ठेवते न ठेवते तोच तो घंटा मारायचा. रेशनच्या कारकुनानं तिला कायम नफीसाच लिहिलं. ती पहिल्यांदा दुरुस्त करायला गेली तेव्हा त्यानं चष्म्यावरून बघितलं होतं. "नेफ्तिस? हे कसलं नाव काढलंत? नफीसा छान आहे की. सोपं आहे." इसिसला कधी कुणी विचारलं नाही हे कसलं नाव म्हणून. इसिस म्हटलं की माणसं मान डोलावतात, ओळखीचं हसतात.

हे सगळं बाबांनी केलं. बाबा इतिहासाचे मास्तर. त्या काळी सगळ्यांनाच जुन्या मिसर देशाचं, तिथल्या देवदेवतांचं वेड लागलं होतं, पण बाबांना जरा जास्तच. थोरली झाली तेव्हा म्हणाले, इसिस. तीन वर्षांनी दुसरी झाली. मुलगा हवा होता, तो झाला नाही, तेव्हा म्हणाले, ठीक आहे, देवीची धाकटी बहीण कोण, नेफ्तिस, झालं. जेवताना ते बोलत राहायचे आणि मसुराचं सूप थंड व्हायचं. थोरलीकडे बघून त्यांचे डोळे लकाकायचे. "तुझं नाव कुठं कुठं पोचलंय माहीत आहे का गं? आपले लोक एसे म्हणायचे. ग्रीक आले, त्यांनी शेपटीला स लावला. मंदिरं बंद पडली, पुजारी मेले, पण नाव मेलं नाही. वाळवंटातल्या मठात बघ, इसिदोर नावाचे साधू. इसिसनं दिलेला तो इसिदोर! क्रूसापुढं लोटांगण घालायचे आणि नाव मात्र देवीचं. आपल्या वरच्या मुलखातली जोगीण इसिदोरा, तीही तुझीच. पार स्पेनमध्ये माद्रिदचा रक्षक संत आहे, इसिद्रो. शेतकरी होता बिचारा, त्याला काय माहीत आपल्याला कुणाच्या नावानं हाका मारतात!" नेफ्तिस तेव्हा आठ वर्षांची असेल. तिनं पाव सूपात बुडवून तसाच धरला होता. "आणि माझं बाबा?" बाबा थांबले. त्यांनी खरोखर विचार केला, तेवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. "तुझ्या नावाचा अर्थ घराची मालकीण," ते म्हणाले. "आणि कुठं पोचलं?" "तुझं... बघायला हवं. शोधून सांगतो." पाव भिजून सूपात पडला. बाबा पुढं अठरा वर्षं जगले, पण शोधून काही सांगितलं नाही. हातोर देवीलासुद्धा एक महिना मिळाला, गव्हाच्या पेरणीचा. शेतकरी आजही त्याला हातूर म्हणतात. रऊफची मुलगीही त्याच महिन्यात झाली. म्हणजे गाईच्या कानांच्या देवीलाही लोकांनी जागा दिली. नेफ्तिसला कुणी नाही, एक गल्लीसुद्धा नाही, एक आजारसुद्धा नाही.

गोष्टही बाबांनीच सांगितली होती. देवी इसिसचा नवरा मारला गेला, ती रडली, तिच्या रडण्यानं नदीला पूर आला, तिनं त्याचे तुकडे गोळा केले, त्याला उठवलं, मुलाला जन्म दिला. "आणि नेफ्तिस?" "तीही होती की शेजारी. तीही रडत होती." बस. दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी शेजारी बसून रडायचं, एवढंच तिचं काम. मग काय आश्चर्य? इसिसचा नवरा फौजी खात्यात इंजिनियर होता, रऊफ दोन वर्षांचा असताना हृदय बंद पडून गेला, आणि खरंच नेफ्तिस शेजारी बसून रडली. तिला तो मनातून आवडायचा का? हा प्रश्न तिनं स्वतःला कधी सरळ विचारला नाही. एकदा त्यानं बाल्कनीतून दोरीची टोपली खाली सोडताना तिच्या हातावर हात ठेवला होता, दोरी निसटू नये म्हणून. दोरी निसटली नाही. एवढंच. पुढं इसिस शाळेत जायला लागली आणि नेफ्तिस रऊफला सांभाळायला राहायला आली, दोन महिन्यांसाठी म्हणून. घराची मालकीण! दारावर पितळी पाटी इसिसची, भाड्याची पावती इसिसची, मुलगा इसिसचा. गोवर झाला तेव्हा रात्रंदिवस कपाळावर व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवल्या हिनं, आणि ताप उतरल्यावर पोरानं डोळे उघडून विचारलं, "मम्मा कुठंय?" इसिस आत आली, चॉकचा वास येणारे हात पोराच्या गालांवर ठेवले, झालं, पोर हसलं. नेफ्तिस स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत बसली. कांद्याचं निमित्त फार उपयोगी पडतं.

आणि इसिस वाईट असती तरी बरं होतं. ती वाईट नव्हती, हीच तर चीड. मोठ्यानं हसायची, पगार झाला की दोघींना सारख्याच चपला आणायची, आजारपणात शेवटी नेफ्तिसच्याच हातचं पाणी मागायची. अशा माणसाचा राग करता येत नाही, नुसतं जळता येतं. नेफ्तिस जळत राहिली, बारीक आचेवर, झाकण ठेवून. मग इसिस गेली. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती, म्हाताऱ्या झालेल्या विद्यार्थिनी छाती पिटत होत्या, आणि नेफ्तिस खरी रडली, अगदी तळापासून रडली. तरी मधेच तिच्या मनात येऊन गेलं की मी जाईन तेव्हा पुढच्या दोन रांगा तरी भरतील का? बहिणीच्या शवपेटीशी उभं राहून रांगा मोजणारी बाई! तिनं पाद्रीबाबांपुढं कबुलीत सगळं सांगितलं, पण हे नाही सांगितलं. लाज वाटली. जिवंत माणसाचा हेवा करावा, लोक समजून घेतात. मेलेल्या माणसाचा हेवा करणाऱ्या बाईला कुठं उभं करतील?

चर्चच्या फाटकाजवळच्या दुकानातून तिनं तीन मेणबत्त्या घेतल्या, पांढऱ्या, एकाच मापाच्या. दुकानदार म्हणाला, "मुलगी का? मबरूक! नाव काय ठेवताय?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नेफ्तिस." निघून गेल्यावर तिला कळलं की आपल्याला काय हवंय. तिला ती पोर हवी होती. इसिसच्या मुलाची मुलगी, पण तिच्या नावाची. गल्लीभर हाक मारली जाईल, शाळेत हजेरीला म्हटलं जाईल, कुणीतरी कधीतरी चिडून, कुणीतरी लाडानं म्हणेल. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागायची होती, आणि तीसुद्धा मागायची सोय नव्हती. अठ्ठावन्न वर्षांची बाई आपलंच नाव पुढं करते म्हणजे काय! घरी येऊन तिनं तिन्ही मेणबत्त्या ओट्यावर ठेवल्या. मग एकीच्या बुडाला नखानं बारीक रेघ ओढली, ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, गोठवलेल्या मुलूखियाच्या भाजीखाली सरकवली आणि दार लावलं. गार मेण सावकाश जळतं, हे सगळ्या बायकांना माहीत असतं. फ्रीजचं दार लावून ती तिथंच उभी राहिली आणि चोरी करणाऱ्याच्या छातीत होतं तसं तिच्या छातीत व्हायला लागलं. त्याबरोबर एक गंमतही वाटली. पहिल्यांदाच इसिसला काही माहीत नव्हतं आणि हिला होतं.

सातव्या दिवशी सकाळी पाद्रीबाबा येऊन घंगाळातल्या पाण्यावर प्रार्थना म्हणून गेले. दुपार कलल्यावर घर भरलं. एवलीन, म्हणजे सूनबाई, पलंगावर उशांना टेकून बसली होती, चेहरा अजून पिवळा. तिची आई ओडेट मुगातचे कप फिरवत होती. मुगात म्हणजे तुपात परतलेलं, बदाम-अक्रोड घातलेलं बाळंतिणीच्या घरचं घट्ट गरम पेय. तिनं केलं होतं म्हणून त्यात साखर जास्त होती. फुलं बांधलेल्या मातीच्या सुरईभोवती थाळीत तीन मेणबत्त्या रोवल्या गेल्या. नेफ्तिसनं आपली शेवटी काढली होती, शालीआड धरून, गारवा तळहातात भिनला होता.

"ही इसिसची," रऊफ म्हणाला. "ही दमियानाची. आणि तांत, तुझी? काय नाव ठरवलंस?"

"मारीना ठेवलं असेल," ओडेट म्हणाली. "सगळ्याच मारीना ठेवतात हल्ली."

नेफ्तिसनं मेणबत्ती थाळीत रोवली. "नेफ्तिस," ती म्हणाली.

"काय?"

"नेफ्तिस."

"अगं बाई, हे कुठल्या औषधाचं नाव?" ओडेट मोकळेपणानं हसली. "माझ्या सांधेदुखीला डॉक्टरांनी असंच काहीतरी लिहून दिलं होतं."

"आई!" एवलीन दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांचं नाव आहे ते."

"कुणाचं? तांतचं?" ओडेटनं कप खाली ठेवला. "कसं शक्य आहे? मी चार वर्षं यांना अफीफा समजतेय. अफीफा नाही का तुम्ही? मग अफीफा कोण?"

सगळे हसले, रऊफही हसला, आणि नेफ्तिसही हसली, काय करणार! तळपायापासून आग वर चढत होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. रऊफनं काडी ओढली.

मेणबत्त्या जळायला वेळ लागतो. लोक बोलत होते, खात होते, मुलं सुरईची फुलं उपटत होती. नेफ्तिसची नजर मात्र थाळीवरून हलली नाही. दमियानाची वात आधी वाकडी झाली, एका अंगानं मेण ओघळलं आणि ती सगळ्यांच्या आधी गेली. ओडेट पुटपुटली. मग उरल्या दोघी. इसिसची ऐटीत जळत होती, उंच ज्योत, सगळ्यांचे चेहरे उजळणारी, आणि म्हणूनच भराभर खाली बसत होती. नेफ्तिसची लहान, निळसर, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी, पण अजून बोटभर उभी होती. इसिसचं आता मेणाचं तळं झालं होतं. खोलीतलं बोलणं हळूहळू कमी झालं. नेफ्तिसच्या कानात रक्त ठणकत होतं. 'जळ,' ती मनात म्हणत होती, 'जळून जा एकदाची.' हे आपण मेणबत्तीला म्हणतोय की बहिणीला, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवावंसंही वाटेना.

"खरंच तेच नाव ठेवायचं की काय आता?" ओडेट लेकीच्या कानाशी लागली, पण ओडेटचं कुजबुजणं तिसऱ्या घरात ऐकू जाई. "ना नवरा, ना पोर, ना स्वतःचं घर. तिचं नशीब माझ्या नातीच्या गळ्यात? रऊफला सांग काहीतरी."

एवलीननं रऊफकडे बघितलं. रऊफ उठला. "बघू, किती राहिल्यात," असं म्हणत तो थाळीवर वाकला, दोन्ही हातांचा आडोसा केला, वारा लागू नये म्हणून करतात तसा. नेफ्तिसनं त्याला अंगठा आणि बोट जिभेला लावताना बघितलं. ती युक्ती त्याला तिनंच शिकवली होती. लढाईच्या दिवसांत, काचांना निळा रंग फासलेला, भोंगा झाला की तो बारा वर्षांचा पोर थरथरायचा, आणि ती म्हणायची, बोटं ओली कर, वात चिमटीत धर, भाजत नाही, बघ. आता त्यानं तशीच धरली, किती सफाईनं! बारीक चुर्र झालं. हात बाजूला घेतले तेव्हा नेफ्तिसच्या मेणबत्तीतून नुसता धूर निघत होता, आणि शेजारी मेणाच्या तळ्यात इसिसची ज्योत आडवी होऊन अजून तगून होती.

"गेली!" कुणीतरी ओरडलं. "इसिस! इसिस आली!" बायकांनी जिभा हलवून एकच ललकारी दिली. ओडेटनं छातीवर क्रूसाची खूण केली. "देवाची इच्छा."

रऊफनं वर बघितलं आणि त्याची नजर नेफ्तिसच्या नजरेत अडकली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी खोटं बोलताना व्हायच्या तशा. तो काहीतरी बोलणार होता. सगळ्यांसमोर बोलला असता तर? त्याच्या बायकोसमोर, सासूसमोर?

"वाऱ्यानं गेली," नेफ्तिस म्हणाली.

खिडक्या बाळासाठी घट्ट लावलेल्या होत्या. कुणी बघितलं नाही. बघायची कुणाला गरज होती? ती उठून उभी राहिली. राग रऊफचा नव्हताच. आपण तरी कुठं सरळ खेळलो? राग तिचा, वर्ष झालं जमिनीखाली गेलेल्या त्या बाईचा. मेली तरी तिच्यासाठी बोटं जिभेला लावणारी माणसं आहेत. आणि ज्याला मी वाढवला तोच!

मग पोरीला चाळणीत घातलं, गव्हाच्या दाण्यांवर दुपटं अंथरून. एवलीननं चाळणीवरून सात वेळा पाय टाकला. मीठ उधळलं गेलं. पितळी खल आला. तो बापाच्या आईनं बाळाच्या उशाशी कुटायचा आणि कानात आज्ञा सांगायच्या, ही पण रीत. "चला तांत," ओडेट म्हणाली, गोड आवाजात, आता तिला गोड बोलायला काही लागत नव्हतं. नेफ्तिस खाली बसली, मांडीशी खल घेतला, बत्ता उचलला. ठण्. पोर दचकली. "आईचं ऐक," ती मोठ्यानं म्हणाली. ठण्, ठण्. "बापाचं ऐकू नकोस." सगळे हसले, ह्याच ठिकाणी हसायचं असतं. "ओडेटआजीचं अर्धंच ऐक." अजून हसले. ठण्, ठण्, ठण्. पितळेचा आवाज एवढा मोठा की आता आपण काय बोलतोय ते कुणाला ऐकू येणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि मेणबत्तीनं दिलं नाही ते तिनं असंच घ्यायचं ठरवलं. ती आणखी वाकली. पोरीच्या कानाशी दुधाचा आंबूस वास होता. "नेफ्तिस," ती म्हणाली. बत्ता पडत होता. "नेफ्तिस. तू नेफ्तिस. नेफ्तिस."

आणि तिला ते ऐकू आलं. आपल्या आवाजात नाही. जिन्याखालून, शाळेतून दमून आलेल्या बाईच्या आवाजात, शेवटचं अक्षर लांबवून, किल्ली विसरलेली असायची नेहमी. नेफ्तिइस! दार उघड गं! नेफ्तिइस, कुठं ठेवलास चष्मा? नेफ्तिइस, पाणी. बाबा तिला पोरी म्हणायचे. शेजारी तांत, रऊफ तांत, पाद्रीबाबा बहीण, कारकून नफीसा. त्या एका तोंडाखेरीज हे नाव दुसऱ्या कुठल्याच तोंडात कधी नव्हतं. वर्ष झालं, तिला कुणी नावानं हाक मारलेली नव्हती, आणि हे तिला आज कळत होतं. जन्मभर तिनं इसिसनं काय काय घेतलं ते मोजलं. आपलं नाव जगात कुठंच पोचलं नाही म्हणून जळली. आणि ते जिथं रोज उठून पोचत होतं ती जागा तिनं स्वतःच्या हातानं कापडात गुंडाळून पेटीत ठेवली होती. म्हणजे तेसुद्धा तिच्याकडेच होतं! जाताना तेही घेऊन गेली! अशी कशी गं तू, नेफ्तिसच्या मनात आलं, सगळंच कसं गं तुझ्याकडे! तिच्या हातातला बत्ता जोरानं पडायला लागला.

"हळू हो तांत, पोर घाबरेल!"

पोर घाबरली नव्हती. ती निळसर डोळ्यांनी वर कुठंतरी बघत होती, अजून कुणाचीच नसलेली. दोन वर्षांत बोलायला लागेल. सगळे म्हणतात ते ऐकून तीही तांत म्हणेल. नेफ्तिसनं बत्ता थांबवला. खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, गालांवरून ओघळणारं पाणी पुसायची तसदी न घेता, तिनं शेवटची आज्ञा सांगितली.

"इसिस," ती म्हणाली, "मला नावानं हाक मारायची. ऐकलंस? तांत नाही. नावानं."